डीएनएसचा पत्ता बदलला म्हणजे ब्राउझिंग खासगी झाले का?

प्रश्न थोडक्यात असा आहे : राउटरच्या सेटिंगमधून इंटरनेट कंपनीने दिलेला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा) काढून तिथे गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता घातला आहे; आपण कोणत्या साइट उघडतो हे आता त्या कंपनीला दिसायचे थांबले का, आणि फसव्या किंवा व्हायरस पसरवणाऱ्या साइटींपासून त्यामुळे काही संरक्षण मिळते का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र या दोन्ही गोष्टी डीएनएसच्या सेटिंगमधूनच बऱ्याच अंशी साधता येतात आणि त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. केवळ पत्ता बदलून भागत नाही, प्रश्न ज्या पद्धतीने पाठवला जातो ती पद्धत बदलावी लागते. नेटवर्क सांभाळण्याच्या कामात हीच गल्लत मला सर्वांत जास्त वेळा दिसली आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तुम्ही ब्राउझरमध्ये एखाद्या साइटचे नाव टाकता तेव्हा तुमच्या उपकरणाला त्या नावामागचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, माहीत नसतो. तो विचारण्यासाठी ते रिझॉल्व्हर नावाच्या सर्व्हरकडे एक छोटासा प्रश्न पाठवते. रिझॉल्व्हर पुढची शोधाशोध करतो, उत्तर आणून देतो आणि मगच पान उघडायला सुरुवात होते. संगणकशास्त्रज्ञ पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखलेल्या आणि १९८७ मध्ये आजच्या स्वरूपात प्रमाणित झालेल्या या व्यवस्थेत गुप्ततेचा विचार नव्हता, कारण तेव्हाचे नेटवर्क प्रामुख्याने विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे होते. त्यामुळे हा प्रश्न आजही, वेगळे काही केले नसेल तर, ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे जोडणीचे क्रमांक दिलेले दार) उघड्या अक्षरांत जातो. नेटवर्कवरून काय जाते-येते ते दाखवणारे वायरशार्कसारखे साधन संगणकावर चालू करून त्यात फक्त डीएनएसच्या ओळी दिसतील असे करा आणि मग एखादी बातम्यांची साइट उघडा. एका पानासाठी डझनावारी ओळी सरकताना दिसतील आणि प्रत्येक ओळीत वेळ, विचारणाऱ्या उपकरणाचा पत्ता आणि विचारलेले संपूर्ण नाव वाचता येईल. त्यात त्या साइटचे नाव असते, जाहिरातींच्या सर्व्हरची नावे असतात, फॉन्ट पुरवणाऱ्याचे, मोजदाद करणाऱ्या कंपनीचे नावही असते. पानाचा मजकूर यात नसतो हे खरे. पण एका विशिष्ट आजाराच्या रुग्णालयाचे नाव, पाठोपाठ विमा कंपनीचे आणि नंतर नोकरी शोधण्याच्या साइटचे नाव एवढे कळले की मजकुराची गरज उरत नाही.

आता ८.८.८.८ घातल्यावर काय झाले ते पाहा. प्रश्नाचे पाकीट पूर्वीसारखेच उघडे आहे, पूर्वीसारखेच तुमच्या इंटरनेट कंपनीच्या यंत्रणेतून जाते, फक्त त्यावरचा पोहोचण्याचा पत्ता बदलला आहे. कंपनीला वाचायचे असेल तर ती वाटेतच वाचू शकते. इतकेच नव्हे, काही पुरवठादार ५३ पोर्टवरची सगळी पाकिटे, ती कोणाच्याही नावे असोत, अडवून आपल्याच रिझॉल्व्हरकडे वळवतात आणि उत्तर मात्र ८.८.८.८ कडूनच आल्यासारखे परत देतात. म्हणजे सेटिंगमध्ये एक पत्ता आणि प्रत्यक्षात उत्तर देणारा दुसराच, अशी स्थिती असू शकते. अशी अडवणूक नसली तरी पूर्वी जे एका कंपनीला दिसत होते ते आता दोघींना दिसते. काटेकोरपणे बोलायचे तर या बदलाने खासगीपणा थोडा कमीच झाला. वेग किंवा भरवसा सुधारला असेल, पण तो वेगळा विषय आहे.

या उघडेपणावरचा उपाय म्हणजे प्रश्नच एन्क्रिप्ट करून, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही अशा रूपात, पाठवणे. त्यासाठी मुख्यतः दोन पद्धती वापरात आहेत. २०१६ मध्ये प्रमाणित झालेली ‘डीएनएस ओव्हर टीएलएस’ ही ८५३ या स्वतंत्र पोर्टवरून चालते, आणि २०१८ मधली ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ ही ४४३ पोर्टवरून, म्हणजे नेहमीच्या सुरक्षित वेब वाहतुकीतच मिसळून जाते. यांना अनुक्रमे डीओटी आणि डीओएच म्हणतात. गुप्ततेच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच आहेत. फरक एवढाच की ८५३ पोर्ट एखाद्या नेटवर्कला सहज बंद करता येतो, तर ४४३ बंद केला तर सगळे वेबच बंद पडते. कोणती चांगली यावर वाद पुष्कळ झाले, पण घरगुती वापरकर्त्याने त्यात वेळ घालवू नये. आपल्या उपकरणात जी सहज चालू करता येते ती चालू करावी.

अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये हे काम सर्वांत सोपे आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाचा पर्याय असतो आणि त्यात तीन निवडी असतात : बंद, आपोआप आणि पुरवठादाराचे होस्टनेम. पुष्कळ जण ‘आपोआप’ पाहून निश्चिंत होतात. त्या निवडीचा अर्थ असा की समोरचा रिझॉल्व्हर एन्क्रिप्शन करत असेल तर फोन ते वापरेल, नसेल तर काही न सांगता उघड्या पद्धतीवर परत येईल. तुम्हाला तिसरी निवड हवी आहे. तिथे आयपी पत्ता चालत नाही, नाव द्यावे लागते. उदाहरणार्थ क्वाड९ या डीएनएस सेवेसाठी ‘डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट’ आणि गूगलसाठी ‘डीएनएस डॉट गूगल’, अर्थात रोमन अक्षरांत आणि ‘डॉट’च्या जागी ठिपके देऊन. नाव द्यायचे कारण असे की फोन त्या नावाचे प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) तपासतो आणि ते जुळले नाही तर बोलणेच थांबवतो. ही निवड खरोखर लागू झाली का हे पाहायचे असेल तर मुद्दाम त्या नावात एखादे अक्षर चुकवून जतन करून पाहा. इंटरनेट ताबडतोब बंद पडले पाहिजे. ते चालूच राहिले तर तुमचे प्रश्न अजून दुसऱ्या वाटेने जात आहेत असे समजावे आणि ती वाट शोधावी. बहुतेक वेळा फोनवर चालू असलेले एखादे व्हीपीएन ॲप (सगळी वाहतूक एन्क्रिप्ट करून आपल्या सर्व्हरमार्गे नेणारे) ती वाट असते.

विंडोज ११ मध्ये वाय-फायच्या किंवा इथरनेटच्या गुणधर्मांत डीएनएसची नेमणूक ‘मॅन्युअल’ करून पत्ता घालता येतो, आणि त्याच खिडकीत डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस चालू करण्याची सोय आहे. तिथेच अडचण आल्यास साध्या, उघड्या पद्धतीवर परत जाण्याची परवानगी देणारे एक बटण असते. ते बंद ठेवावे, नाहीतर अँड्रॉइडच्या ‘आपोआप’सारखीच गत होते. आयफोनमध्ये मात्र एक गैरसमज नेहमी होतो. वाय-फायच्या तपशिलात दिसणाऱ्या ‘कॉन्फिगर डीएनएस’मध्ये पत्ता घातला तर तो फक्त त्या एका वाय-फायपुरता वापरला जातो, आणि प्रश्न एन्क्रिप्ट होऊनच जातील याची हमी नसते. मोबाइल डेटावर गेलात की तो लागू नसतो. आयओएस १४ पासून एन्क्रिप्टेड डीएनएसची सोय आहे, पण ती खात्रीने चालू करायची तर पुरवठादाराने दिलेली प्रोफाइल (सेटिंगची तयार फाइल) किंवा त्याचे ॲप बसवावे. ही प्रोफाइल पुरवठादाराच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यावी. कुठूनतरी सापडलेली प्रोफाइल बसवणे म्हणजे आपले सगळे प्रश्न एखाद्या अनोळखी माणसाच्या हवाली करणे होय.

फायरफॉक्स आणि क्रोम यांत ब्राउझरपुरती ही सोय स्वतंत्रपणे मिळते. दुसऱ्याच्या मालकीच्या संगणकावर, जिथे प्रणालीच्या सेटिंगला हात लावता येत नाही, तिथे ती उपयोगी पडते. मात्र बाकीची ॲप, ईमेलचा प्रोग्रॅम, अपडेट या सगळ्यांचे प्रश्न तेव्हाही जुन्याच वाटेने जातात हे विसरू नये.

राउटरवर एन्क्रिप्टेड डीएनएस चालू करता आला तर सर्वांत उत्तम, कारण टीव्ही, कॅमेरा यांसारखी उपकरणेही त्यात येतात. सगळ्या राउटरमध्ये ही सोय नसते. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालणाऱ्या राउटरमध्ये ती बसवता येते. एक बाब इथे आवर्जून तपासावी. अनेक नेटवर्कवर जुने आयपीव्ही४ आणि नवे आयपीव्ही६ अशा दोन्ही प्रकारचे आयपी पत्ते चालतात आणि राउटर दोन्हींसाठी वेगवेगळे डीएनएस सांगत असतो. लोक आयपीव्ही४ चा बदलतात आणि आयपीव्ही६ चा तसाच राहतो; मग बरेचसे प्रश्न बदल केल्यावरही इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरकडेच जात राहतात. काही टीव्ही आणि स्ट्रीमिंगची उपकरणे तर राउटरचे ऐकतच नाहीत, त्यांच्यात कारखान्यातच एक पत्ता कोरलेला असतो. त्यासाठी राउटरवरून ५३ पोर्ट बाहेर जाण्यास बंद करावा लागतो, पण ते हौसेने करणाऱ्यांचे काम आहे.

आता पुरवठादार कोणता निवडावा, हा खरा विचार करण्याचा भाग आहे. एन्क्रिप्शन केल्याने वाटेतला माणूस वाचू शकत नाही, पण पलीकडचा रिझॉल्व्हर सगळे वाचतोच, त्याला वाचावेच लागते. म्हणजे विश्वास नाहीसा होत नाही, तो इंटरनेट कंपनीकडून काढून दुसऱ्याकडे ठेवला जातो. ज्याच्याकडे ठेवायचा तो काय लिहून देतो हे वाचणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. गूगलचा डीएनएस डिसेंबर २००९ पासून चालू आहे; विचारणाऱ्याचा संपूर्ण आयपी पत्ता असलेल्या तात्पुरत्या नोंदी २४ ते ४८ तासांत पुसल्या जातात आणि काही नोंदी ओळख काढून जास्त काळ ठेवल्या जातात, असे त्यांचे धोरण सांगते. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा १ एप्रिल २०१८ रोजी सुरू झाला. त्यांच्या सांगण्यानुसार नोंदी २५ तासांत पुसल्या जातात. क्वाड९, ज्याचा पत्ता ९.९.९.९ आहे, ही नफा न कमावणारी संस्था आहे, २०२१ पासून तिचे मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये आहे, आणि विचारणाऱ्याचा आयपी पत्ता आपण साठवत नाही असे ती सांगते. ही सगळी लेखी वचने आहेत, बाहेरून तपासता येणारी तांत्रिक हमी नाही. तरीही मला विचाराल तर ज्याचे उत्पन्न जाहिरातींवर अवलंबून नाही आणि ज्याला नोंदी ठेवण्याचे काही कारणच नाही, त्याचे वचन मी अधिक मोलाचे मानतो. घरासाठी मी क्वाड९ सुचवतो.

त्याचे दुसरे कारण तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागात आहे. ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे घातक साइट अडवत नाहीत, विचारले ते उत्तर देतात. क्वाड९ चा ९.९.९.९ मात्र घातक म्हणून ठाऊक असलेल्या नावांना उत्तर देत नाही. क्लाउडफ्लेअरकडे यासाठी १.१.१.२ आहे, आणि १.१.१.३ घातक साइटींबरोबर प्रौढांसाठीच्या साइटही अडवतो, जो लहान मुलांच्या उपकरणांसाठी उपयोगी आहे. जाहिराती आणि माग काढणारे सर्व्हर अडवायचे असतील तर ॲडगार्डचा ९४.१४०.१४.१४ आहे. (सर्व आकडे उपकरणात नेहमीच्या इंग्रजी अंकांतच टाकावेत.)

इथे एक चूक फार नकळत होते. पहिला पत्ता ९.९.९.९ आणि ‘राखीव असावा’ म्हणून दुसरा ८.८.८.८, असे घालणारे पुष्कळ आहेत. पण दुसरा पत्ता केवळ पहिला बंद पडल्यावरच वापरला जाईल याची हमी नसते. कित्येक प्रणाली दोन्हींना आलटून पालटून विचारतात किंवा जो लवकर उत्तर देतो त्याला धरून राहतात. परिणामी गाळणी असलेल्या रिझॉल्व्हरने नाकारलेले नाव गाळणी नसलेला देऊन मोकळा होतो. दोन्ही पत्ते एकाच सेवेचे असावेत. क्वाड९ चा दुसरा पत्ता १४९.११२.११२.११२ हा आहे, तोच घालावा.

या गाळणीकडून किती अपेक्षा ठेवावी हेही स्पष्ट असावे. ती फक्त नाव पाहते. फसवणुकीसाठी आज सकाळी नोंदवलेले नाव तिच्या यादीत दुपारपर्यंत नसेल. एखाद्या मोठ्या, प्रतिष्ठित सेवेच्या नावाखाली कोणी फसवा फॉर्म तयार केला असेल तर तो ती अडवू शकत नाही, कारण त्यासाठी ती संपूर्ण सेवाच बंद करावी लागेल. ब्राउझर अद्ययावत ठेवणे आणि पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड जपून ठेवून योग्य साइटवर भरणारा प्रोग्रॅम) वापरणे याला ती पर्याय नाही. पासवर्ड मॅनेजर नकली साइटवर पासवर्ड भरण्यास नकार देतो, आणि माझ्या अनुभवात हा नकारच माणसाला थांबवतो.

सुरक्षेची आणखी एक बाजू म्हणजे उत्तर खरे आहे की नाही. २००८ मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिले की रिझॉल्व्हर मिळालेली उत्तरे जपून ठेवतो त्या साठवणीत खोटी उत्तरे घुसवणे सर्वांना वाटत होते त्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. त्यावरचा खरा इलाज म्हणजे डीएनएसएसईसी, ज्यात उत्तरांवर डिजिटल सही असते. डीएनएसच्या मूळ झोनवर, म्हणजे नावांच्या सर्वांत वरच्या यादीवर, २०१० मध्ये अशी सही सुरू झाली. वर उल्लेखलेले मोठे रिझॉल्व्हर ही सही तपासतात. पण सही म्हणजे गुप्तता नव्हे, आणि ज्या साइटच्या मालकाने सही केलेलीच नाही तिथे तपासण्यासारखे काही नसते.

याहून जवळचा धोका तुमच्या राउटरच्या सेटिंगलाच असतो. डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसने ४० लाखांहून अधिक संगणकांचे डीएनएस परस्पर बदलून ते गुन्हेगारांच्या सर्व्हरकडे वळवले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ती टोळी पकडली. संगणक एकदम इंटरनेटवरून तुटू नयेत म्हणून त्या सर्व्हरच्या जागी ठेवलेले स्वच्छ सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. म्हणून राउटरचा कारखान्यातून आलेला ॲडमिन पासवर्ड आधी बदला, बाहेरून राउटरमध्ये शिरण्याची सोय बंद करा, आणि आज घातलेले पत्ते कुठेतरी लिहून ठेवून अधूनमधून ताडून पाहा.

सगळे नीट केल्यावरही इंटरनेट कंपनीला काय दिसत राहते? ज्या सर्व्हरशी तुम्ही जोडले जाता त्याचा आयपी पत्ता दिसतो, किती डेटा आला-गेला आणि केव्हा हे दिसते, आणि बहुतेक जोडण्यांत साइटचे नावही दिसते. हे शेवटचे ऐकून अनेकांना धक्का बसतो. सुरक्षित जोडणी सुरू होताना ब्राउझर पहिल्याच संदेशात साइटचे नाव उघडपणे सांगतो, कारण एका सर्व्हरवर अनेक साइट असतात आणि कोणते प्रमाणपत्र द्यायचे हे सर्व्हरला कळावे लागते. हे नाव झाकणाऱ्या तंत्राला एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो म्हणतात. फायरफॉक्सने ते २०२३ मध्ये, ११९ व्या आवृत्तीत, सर्वांसाठी चालू केले, पण साइटनेही ते स्वीकारलेले असावे लागते आणि सगळ्या साइटींनी ते स्वीकारलेले नाही. त्यासाठी लागणारी किल्ली डीएनएसच्या उत्तरातूनच येते. डीएनएस उघडा असेल तर पुढचे झाकून उपयोग नाही, आणि फायरफॉक्स तर सुरुवातीला डीओएच चालू असल्याशिवाय हे तंत्र वापरतच नसे. एन्क्रिप्टेड डीएनएस आजच चालू करा असे मी आग्रहाने सांगतो त्याचे हे मोठे कारण आहे. आपण कोणत्या साइटशी जोडले जातो हे इंटरनेट कंपनीला मुळीच दिसू नये अशी गरज असेल तर व्हीपीएन किंवा टॉर (वाहतूक अनेक सर्व्हरमधून फिरवून नेणारे जाळे) लागेल. व्हीपीएन घेतल्यास डीएनएसही त्यांचाच वापरावा, कारण सगळी वाहतूक एकाकडे आणि प्रश्न दुसऱ्याकडे, असे केल्याने पाहणारे वाढतात.

बदल लागू झाला का हे तपासण्यासाठी क्वाड९ ची ‘ऑन डॉट क्वाड९ डॉट नेट’ ही साइट आहे. ती उघडली की तुम्ही त्यांचा रिझॉल्व्हर वापरता की नाही हे सरळ सांगते. ‘लीक टेस्ट’ करणाऱ्या, म्हणजे तुमचे प्रश्न कोणत्या रिझॉल्व्हरकडे जातात हे दाखवणाऱ्या साइटींवर मात्र ९.९.९.९ दिसणार नाही. तिथे रिझॉल्व्हर ज्या पत्त्यावरून बाहेर विचारतो तो दिसतो, आणि क्वाड९ च्या बाबतीत तो कित्येकदा वुडीनेट किंवा पीसीएच या नावाने येतो. हे नाव पाहून कोणीतरी मध्ये शिरले असे समजून लोक घाबरतात. ते क्वाड९ ला जागा देणाऱ्या नेटवर्कचे नाव आहे.

अडचणी येतील त्या बहुधा दोन ठिकाणी. विमानतळ किंवा हॉटेल यांसारख्या ठिकाणच्या मोफत वाय-फायवर आधी लॉगिनचे पान उघडावे लागते, आणि ते पान बऱ्याचदा डीएनएसची उत्तरे मुद्दाम बदलून दाखवले जाते. तुमचा फोन ती उत्तरे स्वीकारत नाही म्हणून पान उघडतच नाही. अशा वेळी प्रायव्हेट डीएनएस तात्पुरता ‘आपोआप’वर आणावा, लॉगिन करावे आणि लगेच पूर्ववत करावा. दुसरी अडचण कार्यालयातली : अंतर्गत सर्व्हरची नावे फक्त कार्यालयाच्या रिझॉल्व्हरला ठाऊक असतात, त्यामुळे बाहेरचा डीएनएस लावला की ती सापडत नाहीत. कार्यालयाच्या संगणकावर स्वतःहून बदल करू नये. तिथली गाळणी आणि नोंदी हा तेथील सुरक्षेचा भाग असतो. क्वचित एखादी चांगली साइटही गाळणीत अडकते. तेव्हा गाळणीच बंद करण्याआधी तेच नाव क्वाड९ च्या गाळणी नसलेल्या ९.९.९.१० या पत्त्याला संगणकावरील एनएसलुकअप या आदेशाने (तो ठरावीक रिझॉल्व्हरला एखादे नाव विचारतो) विचारून पाहावे. तिथे उत्तर मिळाले आणि ९.९.९.९ वर मिळाले नाही, तर बहुधा साइट अडवली गेली आहे. क्वाड९ ला तसे कळवता येते. दोन्हीकडे उत्तर नसेल, तर दोष त्या साइटच्या स्वतःच्या डीएनएसमध्ये आहे आणि तुमच्या सेटिंगला हात लावण्याचे कारण नाही.